कल्हई अर्ध्या तासाची

मागे एका लग्नाच्या निमित्तानं सोनगीरला जाणं झालं. किल्ल्याच्या पायथ्याचं हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. रुखवतातले हंडे-कळश्या बघता बघता बायकांच्या गप्पा रंगल्या. ‘संध्याकाळी थोडं फिरायला जात जा,’ असं एकीला सहज म्हटलं, तर ती हसून म्हणाली, ‘लोके काय म्हनतीन, माय! हिला घरात काम नाही का? आणि दिवसभर राबते ना मी, तोच माझा व्यायाम!’

मैत्रिणींनो, हे उत्तर आपल्यापैकी कितीजणींचं आहे! त्यात अर्धं खरंही आहे. पाण्याचे हंडे वाहणं, शेतात निंदणी करणं यात श्रम आहेतच. पण पोळ्या लाटणं, भाजी निवडणं, ओट्याशी तासन्‌तास उभं राहणं यात कंबर मोडते, दम मात्र लागत नाही. थकवा वेगळा आणि व्यायाम वेगळा.

दम लागतो तेव्हा शरीरात काय होतं, हे शास्त्रज्ञांनी थेट रक्तात पाहिलं आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकं, म्हणजे जीन्स असतात. ही जणू आजीची पाककृतींची वही. वही तीच, पण आज कोणतं पान उघडायचं ते गरजेवर ठरतं. रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही अशीच पानं उघडतात आणि मिटतात.

२००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ निरोगी तरुणांना अर्धा तास जोरात सायकल चालवायला लावली. व्यायाम संपताच त्यांच्या या पेशींतल्या तीनशेहून जास्त जनुकांचं काम बदललेलं दिसलं. त्यानंतरच्या तासाभराच्या विश्रांतीत साडेपाचशेच्या आसपास जनुकांचं काम पुन्हा बदललं! २००९ मध्ये मुलींवरचा अभ्यास आला. दोन मिनिटं सायकल, एक मिनिट विसावा, असं दहा वेळा. एवढ्यानंही शेकडो जनुकं हलली. दाह वाढवणारी जनुकं जागी होतात, तशी त्याला आवर घालणारी आणि पेशीला ताणापासून जपणारीही. शिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंतींशी विसावलेल्या काही लढाऊ पेशी रक्तात उतरतात. थोडक्यात, आजार येण्याआधीच शरीराची रंगीत तालीम होते.

म्हणून रोज चालणारीला सर्दीच होणार नाही, असं मात्र नाही. हे अभ्यास छोटे आहेत. जनुकं स्वतः बदलत नाहीत, फक्त त्यांचं काम कमी-जास्त होतं. आणि हा परिणाम बराचसा काही तासांतच ओसरतो. पितळेच्या पातेल्याला एकदा कल्हई केली की जन्मभर पुरते का? व्यायामाचंही तसंच. आठवडाभर केला, मग सणवार आले, सोडून दिला, असं चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत भरभर चालायचं. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा भल्या पहाटे किंवा दिवेलागणीला, आणि वाहनांच्या हमरस्त्यापासून दूर. बी. पी., शुगर, गुडघेदुखी असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

खरा प्रश्न पुढेच आहे. २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के, तर बायकांचं ५७ टक्के आहे. बाई आळशी आहे म्हणून का? नाही. तिच्या दिवसात तिचा स्वतःचा अर्धा तासच नाही, म्हणून. तो कोणी ताटात वाढून देणार नाही. सासूबाईंना, जाऊबाईंना, शेजारणीला सोबत घ्या. चौघी मिळून निघाल्या की बोलणारी तोंडं आपोआप थांबतात. आणि तेवढ्या वेळात कुकर लेकानं लावला, तर घराचं काही बिघडत नाही.

घरातल्या भांड्यांना कल्हई हवी, हे आपण विसरत नाही. ती भांडी घासणाऱ्या हातांचंही आता कोणीतरी बघायला हवं. सुरुवात आपणच करूया.