पंक्चर आणि स्वावलंबनाचा उपदेश

ट्रॅक्टरचे टायर घरच्या घरी दुरुस्त करून शेतकऱ्याने स्वावलंबी व्हावे, असा उपदेश निफाड-दिंडोरीत येऊन करणाऱ्यांनी ते चाक एकदा स्वतः उचलून पाहावे. पकड वाढावी म्हणून मागच्या ट्यूबमध्ये पाऊण भाग पाणी भरतात; १३.६-२८ मापाच्या टायरात ते दीडशे लिटरहून अधिक मावते. विटांवर टेकवलेल्या जॅकवर असले चाक तोलून टॉमीने टायर उचकटतो कोण? बहुधा रोजंदारीवरचा चालक. चाक कलंडले तर पाय त्याचाच जातो.

कौशल्य नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. चाक सोडण्याआधी पाणी काढावे. बाभळीचा काटा टायरच्या आतून चाचपून काढला नाही, तर ठिगळ लावलेली ट्यूब दुसऱ्याच दिवशी पुन्हा फुटते. शेतात हवा कमी, कांद्याची ट्रॉली लासलगावला नेताना जास्त. हे घरोघर ठाऊक हवेच. पण हवेचा गेज किती वस्त्यांवर आहे? लाथ मारून हवा अजमावायची आणि टायर चिरले की नव्यासाठी उधारी करायची, हे कसले स्वावलंबन?

ट्रॅक्टरच्या टायरवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ वर आला. आधी वसूल केलेले कोणी परत करणार नाही, हे वेगळे सांगायला नको!

गावच्या विकास सोसायटीने कंप्रेसर, गेज व भक्कम स्टँड ठेवावा, ही मागणी साथींनी येत्या सर्वसाधारण सभेत मांडावी. ज्यांना हा विषय क्षुल्लक वाटतो, त्यांनी चालकांना विचारावे.