नाडी आमची, हिशेब कुणाचा?

राखी पौर्णिमा, दिवाळी आणि आठ मार्च. या तीन मुहूर्तांवर 'खास तिच्यासाठी' म्हणून मनगटावरच्या फिटनेस बँडच्या जाहिराती हमखास येतात. पट्टा गुलाबी नाहीतर सोनेरी, तबकडी नाजूक, आणि तो बांधणारी बाई पंचविशीची, गोरी, सडपातळ, घाम न येता पळणारी. तो किती रंगांत मिळतो, किती कॅलरी 'जाळल्या' ते कसे सांगतो, साडीवरही कसा शोभतो, हे सगळे जाहिरातीत असते. तो नाडीचे ठोके खरे दाखवतो का, त्या ठोक्यांचा अर्थ कुणाच्या मापाने लावतो, आणि ते आणखी कुणाकुणाला दिसतात? विचारण्यासारखे प्रश्न हे तीन. नेमके तेच तिथे नसतात.

काही मैत्रिणी म्हणतील, हे पैसेवाल्यांचे चोचले, आपल्या अंकात कशाला? आम्हाला हे पटत नाही. हा पट्टा आता दोन-तीन हजारांत मिळतो. शिक्षिकेच्या, नर्सच्या, दुकानात उभे राहून काम करणाऱ्या मुलीच्या हातात तो दिसू लागला आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलेली पन्नाशीची बाई तो मुलाकडून मागवून घेते. आणि दुसरीकडे, ज्यांनी कधी मागितला नाही अशा बायांच्या हातात त्याचाच भाऊबंद सक्तीने बांधला जातो. त्यांच्याविषयी पुढे लिहिणारच आहोत.

आधी हे यंत्र करते काय ते पाहू. बँडच्या मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या दर ठोक्याला मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त भरते आणि ओसरते, तसा परत फिरणारा प्रकाश कमी-जास्त होतो. त्या चढउतारावरून यंत्र ठोक्यांचा अंदाज बांधते. अंदाजच म्हणायचे. काही बँड कागदाच्या गुंडाळीला बांधले तरी ठोके दाखवतात, कारण प्रकाश परत आला की त्यांना काहीतरी आकडा द्यायचाच असतो. छातीला बांधायचा पट्टा हृदयाची विद्युतलहर टिपतो, म्हणून व्यायाम करताना तो जास्त भरवशाचा. पण तो दागिन्यासारखा दिसत नाही, मग 'तिच्यासाठी'च्या जाहिरातीत त्याला जागा कुठली?

मनगटावरचा बँड सैल असला, हात गार पडले असले, गोंदणावर बसला, बांगड्यांच्या धक्क्याने सरकला, तर आकडा बिघडतो. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट पण रक्त न अडवता तो बांधावा लागतो. हिरव्या चुड्याच्या आणि पाटल्यांच्या मध्ये तो नीट बसेल का, हे मात्र कुठल्याही माहितीपुस्तकात आमच्या वाचनात आलेले नाही.

अभ्यास काय सांगतात? स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली साठ जणांवर सात उपकरणे तपासली. सातपैकी सहा उपकरणांच्या ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत निघाली. कॅलरींच्या बाबतीत मात्र सातही नापास. त्यातल्या त्यात बऱ्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के, सर्वांत वाईटाची ९३ टक्के! म्हणजे जाहिरात ज्या आकड्यावर उभी आहे, ज्याच्या धाकाने मुली रात्रीची पोळी परत ठेवतात, तो आकडा जवळजवळ मनाचाच. या अभ्यासात गडद त्वचेच्या आणि जाड शरीराच्या लोकांत ठोक्यांची चूक जास्त दिसली. ड्यूक विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात त्वचेच्या रंगाने फरक दिसला नाही, पण हालचाल करताना चूक बसलेल्या स्थितीपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी वाढलेली दिसली. रंगाचा प्रश्न तेवढ्याने निकालात निघत नाही. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणाने काळ्या रुग्णांमधली ऑक्सिजनची धोकादायक घट गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा नजरेआड केली, हे मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०२० सालीच दाखवले. तोच ऑक्सिजनचा आकडा आता बँडही दाखवतो. आपल्या सावळ्या मनगटांवर कंपनीने त्याची चाचणी घेतली का, हे दुकानदाराला विचारा. त्याला ठाऊक नसेल. तरी विचारा.

स्टॅनफर्डच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ठोके मोजण्यातली चूक बायकांपेक्षा पुरुषांच्या बाबतीत जास्त निघाली. म्हणजे नुसत्या मोजण्यात बाईवर अन्याय झालेला नाही. अन्याय आहे तो मोजलेल्याचा अर्थ लावण्यात.

'तुमच्या हृदयाची कमाल गती' म्हणून यंत्र जो आकडा धरते, तो बहुधा २२० मधून वय वजा करून येतो. हे सूत्र १९७१ सालचे, आणि बहुतांशी पुरुषांवर झालेल्या जुन्या अभ्यासांतल्या आकड्यांवरून काढलेले. शिकागो परिसरातल्या ५,४३७ स्त्रियांच्या तपासणीवरून डॉ. मार्था गुलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली स्त्रियांसाठी वेगळे सूत्र मांडले : वयाला ०.८८ ने गुणा आणि २०६ मधून वजा करा. पंचेचाळीस वर्षांच्या बाईची कमाल गती जुन्या सूत्राने १७५ येते, या सूत्राने १६६. साठीच्या बाईची १६० ऐवजी १५३. फरक किरकोळ वाटेल. पण बँड रोज सांगतो, 'अजून जोर लावा, तुम्ही लक्ष्यापर्यंत पोचला नाहीत', आणि ती बिचारी धापा टाकत पुरुषाच्या मापाचे लक्ष्य गाठायला धावते. तेव्हा पहिली अट ही, की कमाल गती आणि व्यायामाचे टप्पे आपल्या हाताने बदलता आले पाहिजेत. बदलता येत नसतील तर तो बँड घेऊ नका, रंग कितीही गोड असो.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रात ५४ टक्के. रक्तात हिमोग्लोबिन कमी असले की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात, म्हणून नाडी जलद चालते. अशा बाईच्या हातातला बँड काय म्हणतो? 'तणाव वाढला आहे, दीर्घ श्वास घ्या.' नाहीतर 'तुमची तंदुरुस्ती कमी आहे, जास्त चाला.' तिला गरज आहे लोहाच्या गोळ्यांची, पोटभर जेवणाची, शेवटी उरलेसुरले न खाण्याची. पाळीच्या चक्रात नाडी थोडी वरखाली होते. गरोदरपणात मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी वाढते. थायरॉइडमध्ये बदलते. यंत्राला यातले काही सांगता येत नसेल, तर त्याचा सल्ला हा अडाण्याचा सल्लाच.

हे कुणाच्या ध्यानीमनी आले नाही, असेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक डॉ. बर्नाडिन हीली यांनी १९९१ सालीच लिहिले होते, की हृदयविकार पुरुषासारखा दिसला तरच बाईला पुरुषासारखे उपचार मिळतात. शिकण्यासाठी पुरुषाचा वेष घेणाऱ्या येंटल या कथानायिकेचे नाव त्यांनी या प्रकाराला दिले. १९९३ साली तिथे सरकारी पैशाच्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांना घेणे कायद्याने बंधनकारक झाले. तरीही २०१४ साली ॲपल कंपनीने आरोग्याची नोंद ठेवणारी सोय आणली, तेव्हा तिच्यात कायकाय होते आणि पाळी नव्हती! ती पुढच्या वर्षी आली. फिटबिटने २०१८ साली पाळीची नोंद आणली, तर दहा दिवसांपेक्षा जास्त पाळी लिहिताच येईना. ज्यांना पंधरा-पंधरा दिवस अंगावर जाते त्या बायांनी आरडाओरडा केल्यावर ते बदलले. आरडाओरड्याचा उपयोग होतो, हे यातून ध्यानात घ्यावे.

एक गोष्ट जिवाशी गाठ असलेली आहे. मनगटावरचे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. ईसीजी दाखवणारी महागडी घड्याळेही ठोक्यांच्या विशिष्ट अनियमितपणाची सूचना देतात, झटक्याची नाही. बाईला झटका येतो तेव्हा छातीत कळ येतेच, पण पुष्कळदा सोबत दम लागतो, मळमळते, जबडा किंवा पाठ दुखते, विलक्षण थकवा येतो. अशा वेळी घरचे म्हणतात, 'पित्त झालं असेल.' आता त्यात भर पडायची, 'बघ, बँडवर सगळं ठीक आहे.' बँड काहीही सांगो, दवाखाना गाठा.

पावलांचे गौडबंगालही सांगून टाकू. रोज दहा हजार पावले हा नियम कुठल्या डॉक्टरच्या संशोधनातून निघालेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे ते नाव होते, 'दहा हजार पावलांचा मापक'. २०१९ साली सोळा हजारांवर वयस्कर अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात दिवसाला ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २,७०० पावलेवालींपेक्षा बरेच कमी निघाले, आणि साडेसात हजारांनंतर फायदा वाढेनासा झाला. मग दहा हजार पुरी करायला रात्री अकरा वाजता गच्चीवर फेऱ्या मारणाऱ्या मैत्रिणीला काय म्हणावे? दिवसभर ती बसून नसतेच. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. कमरेवर हंडा धरला की हात हलत नाही, पावले बुडतात. पोळ्या लाटताना हात हलतो, तेव्हा उभ्याउभ्या पावले पडतात. बाईच्या कामाची मोजदाद जनगणनेला धड जमली नाही, ती बँडला काय जमणार!

आता हिशेब कुणाकडे जातो ते पाहू. पाळीची नोंद ठेवणाऱ्या 'फ्लो' या ॲपने, माहिती गुप्त ठेवू असे सांगून, ती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांकडे जाऊ दिली, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. ते प्रकरण २०२१ साली तडजोडीने मिटले. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने याच प्रकरणी फेसबुकची मालक कंपनी मेटा हिला दोषी धरले. फिटबिट गूगलने विकत घेतली, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये युरोपीय आयोगाने अट घातली, की तिथल्या लोकांची आरोग्यमाहिती दहा वर्षे जाहिरातींसाठी वापरायची नाही. आपल्याकडचा २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आरोग्याच्या माहितीला वेगळे, जास्त संरक्षण देत नाही. उलट त्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट ठेवली आहे.

आणि कंपनीच कशाला? बँड नवऱ्याने भेट दिला, त्याच्याच फोनला जोडला, खाते त्याच्याच ई-मेलवर. आमच्या गटातल्या एकीची झोप किती, नाडी कधी वाढली, पाळी कधी चुकली, हे सासरी तिच्या आधी कळत असे. 'काळजीपोटी' बरं का! म्हणून खाते आपल्या फोनवर, आपल्या नावाने, आपल्या संकेतशब्दाने. ठिकाण दाखवण्याची सोय बंद. पाळीची नोंद कागदाच्या कॅलेंडरवर, खुणेने. माहिती पुसून टाकायची सोय आहे का, हे विकत घेण्याआधी पाहायचे.

यंत्र खरे बोलते का हेही घरीच कळते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? दुसऱ्या हाताची तीन बोटे नाडीवर ठेवून मिनिटभर ठोके मोजा, एकदा बसून, एकदा भरभर चालून थांबल्या-थांबल्या. बँडशी पाच-सातपेक्षा जास्त फरक वारंवार आला तर मुदतीत परत करा. गटाच्या बैठकीत दहाजणींनी मिळून हे केले तर अर्धा तास पुरतो.

राहिल्या त्या, ज्यांना निवडायला मिळालेच नाही. २०२० पर्यंत नागपूर, चंडीगढ, पंचकुला अशा शहरांत महापालिकांनी सफाई कामगारांच्या हातात जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार कुठे आहे, किती वेळ थांबला, हे कचेरीत बसलेल्याला पडद्यावर दिसते. हद्दीबाहेर गेले तर पगार कापला जाण्याची धास्ती. महिला कामगारांना भीती, की यात कॅमेरा असला तर? घड्याळ घालून शौचालयात जायचे कसे, काढून ठेवले तर गैरहजेरी लागेल त्याचे काय? चंडीगढमध्ये २०२० साली कामगार या घड्याळांविरुद्ध रस्त्यावर उतरले. गटारातल्या वायूने माणसे मरतात, पण कामगाराची नाडी कशी आहे हे त्या घड्याळाला विचारायचे नव्हते. त्याला फक्त ती जागेवर आहे का, एवढेच कळायला हवे होते.

तेव्हा आपापल्या शहरात महापालिकेकडे माहितीचा अर्ज टाका : अशी घड्याळे घेतली का, कितीला घेतली, नोंदी कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, आणि त्या पैशांत झाडूवालीच्या वाटेवर किती स्वच्छतागृहे झाली असती. उत्तरे आली की आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.