पाणी दलघमीत, मासा किलोत

रेणा नदीवर भंडारवाडीला मध्यम प्रकल्प आणि त्याखाली घनसरगाव, रेणापूर, खरोळ्याचे बॅरेज. दारं लागली की पाणी तुंबतं आणि ऊस तरतो. माझाही ऊस त्याच पाण्यावर आहे, तेव्हा बॅरेज नकोत म्हणायला मला तोंड नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे इथं कुणी विसरलेलं नाही. पण बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्या शेतकऱ्याची खोड जात नाही. मोटार चालू करायला गेलो की आधी काठाला काय वळवळतंय ते बघतो.

वाहत्या पाण्यातला लहान मासा साधारण चातीसारखा निमुळता असतो. धारेला तोंड देऊन टिकायचं तर अंगाला पाणी कमी अडायला हवं. थांबलेल्या पाण्यात हिशेब बदलतो. तिथं झटकन वळता येणं जास्त कामाचं, आणि त्याला पाठ-पोटात अंतर असलेलं अंग सोयीचं पडतं. अमेरिकेत मोबाइल नदीच्या खोऱ्यात हे मोजलं गेलं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ब्लॅकटेल शायनर हा बोटभर मासा नदीतला आणि धरणातला असा शेजारी ठेवून पाहिला. धरणातल्याचं अंग उंच, डोकं लहान, पाठीवरचा पर पुढं सरकलेला. जलाशय मोठा, तसा हा फरकही ठळक. प्रत्येक जात अशीच बदलते असं नाही; शिकारी मासे कोणते, खाणं काय, यावरही ते ठरतं. काही फरक पिलू ज्या पाण्यात वाढलं त्याचा, काही पिढ्यांच्या निवडीतून रक्तात उतरलेला.

आमचा पेच त्याहून अवघड आहे. पावसाळ्यात दारं उघडी, नदी पळते. पाऊस सरला की दारं लागतात आणि तीच नदी तुकड्यातुकड्यानं थांबते. जेमतेम दोन-तीन वर्षं जगणाऱ्या जिवानं अंग कुठल्या पाण्यासाठी घडवायचं? संथ पाण्यात वाढलेला मासा पहिल्या लोंढ्याबरोबर भिंतीखाली गेला आणि पुन्हा दारं लागली, तर त्याला वर यायला वाट नाही.

आपण पाणी दलघमीत मोजतो आणि मासा किलोत. तलावात सोडायची ती कटला, रोहू, मृगळाची बोटुकली. बाकीचा बारीक मासा कुणाच्या कागदावर येत नाही, मरळ त्याच्यावरच जगत असली तरी. कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. आज आपल्याकडे विद्यापीठ आहे, गावोगाव महाविद्यालयं आहेत आणि प्रत्येक पोराच्या खिशात कॅमेरा आहे.

काम फार मोठं नाही. भोयांच्या जाळ्यात आलेला बारीक मासा पट्टीशेजारी आडवा ठेवून फोटो घ्यायचा. लांबी, अंगाची उंची, डोकं आणि शेपटीच्या बुडाची जाडी नोंदवायची. थोडे नमुने फॉर्मालिनच्या बरणीत. बॅरेजच्या वर, खाली, आणि जिथं नदी अजून मोकळी वाहते तिथं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या पोरांना प्रकल्प लागतातच. फरक दिसला, तर सगळी दारं बंद न करता एखाद्यातून धार चालू ठेवायची का, हे कालवा सल्लागार समितीत मांडता येईल. मला विचाराल तर ठेवावी, माझ्या उसाची एक पाळी कमी झाली तरी. पण पहिलं माप यंदा दारं लागायच्या आधीच घ्यायला हवं.