खर्ज आवडला म्हणून कान बिघडत नाहीत



‘बेसने पोरांचे कान नासवले, सपाट आवाज तोच खरा’ हे नांदेडच्या पत्रलेखकांचे मत (मागील अंक) पटले नाही. खोलीत स्पीकर लावला की भिंती-कोपरे खर्जाला आपसूक बळ देतात. हेडफोन खोलीला बगल देऊन थेट कानात बोलतो, म्हणून मोजणीत सरळ रेषा दाखवणारा हेडफोन ऐकायला मात्र किडकिडीत लागतो.

हरमन या ऑडिओ कंपनीत संशोधक शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांना ब्रँड कळू न देता हेडफोनचे अनेक आवाज ऐकवले. 64 टक्क्यांना खर्ज बेताने उचललेला आवाज भावला, 15 टक्क्यांना त्याहून जास्त खर्ज हवा होता, 21 टक्क्यांना कमी. कमी मागणाऱ्यांत पन्नाशीपुढचे अधिक होते. (पत्रलेखकांनी आपले वय कळवलेले नाही!)

आणि खर्जाची आवड परकी कधीपासून झाली? कीर्तनाआधी पखवाजी डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापतो, थाप मारून पाहतो, चिमूटभर काढतो, पुन्हा लावतो. हा खटाटोप त्या घुमाऱ्यासाठीच असतो.

एक मान्य. लातूरला क्लासची लेक्चरं ऐकणाऱ्या मुलांना बेसचा उपयोग नाही, उलट शब्द दबतात. शिवाय एसटीत इंजिनाची घरघर नेमका खर्जच गिळते आणि पोरं आवाज वाढवत नेतात. तक्रार करायची तर त्या पातळीची करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतात, 90 डेसिबल फक्त 4 तास.

– एक वाचक, लातूर