सामाईक किनारा



बँकेच्या नोकरीत गहाण येणाऱ्या मालमत्तेचे दस्त तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम होते. चतुःसीमा वाचताना ‘सामाईक’ हा शब्द आला की लेखणी थांबत असे. सामाईक बोळ, सामाईक विहीर, सामाईक जिना. ज्या वस्तूवर अनेकांचा हक्क, तिच्यावर कर्ज देणे अवघड. आणि जी सर्वांची, तिची निगा कोणीच राखत नाही, हा आम्हा बँकवाल्यांचा पक्का समज. यंदाच्या मे महिन्यात अमेरिकेत मुलाकडे असताना समुद्रकाठच्या एका सार्वजनिक उद्यानात तंबू ठोकून दोन रात्री राहण्याचा योग आला आणि या समजाला तडा गेला.

ठिकाणाचे नाव कार्पिंटेरिया. कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसपासून वायव्येस सुमारे १३० किलोमीटर अंतरावर, सांता बार्बारा शहराच्या अलीकडे हे लहानसे गाव आहे. तेथील समुद्रकिनारा हे राज्य सरकारचे उद्यान असून त्यात तंबूंसाठी क्रमांक घातलेल्या जागा आखून दिल्या आहेत. सहा महिने आधी सकाळी आठच्या ठोक्याला नोंदणी उघडते आणि चांगल्या जागा काही मिनिटांत संपतात. चिरंजीवांनी नोव्हेंबरातच संगणकासमोर बसून ती मिळवली होती. एका जागेवर जास्तीत जास्त आठ माणसे. आम्ही घरचे पाच आणि बुएना पार्क येथील जैन मंदिरात नेहमी भेटणाऱ्या एका गुजराती कुटुंबातील तिघे, असे बरोबर आठ झालो.

आमच्या वाट्याला आले ते इतके: दोन तंबू मावतील एवढी जमीन, एक लाकडी मेज व त्याला जोडलेली बाके आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे. सौभाग्यवतींनी प्रथम चहूकडे पाहिले आणि विचारले, “भिंत कोठे आहे?” भिंत नव्हतीच. शेजारच्या तंबूतील माणूस दात घासताना दिसत होता. पण थोड्याच वेळात आमच्या ध्यानात आले की कोणीही दुसऱ्याच्या जागेतून वाट काढत नाही. दहा पावले जास्त पडली तरी रस्त्यानेच जातो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत शांतता पाळायची हा नियम होता, आणि दहा वाजता खरोखरच आवाज मिटले. त्यानंतर ऐकू येत होत्या त्या फक्त लाटा आणि मधूनच जवळून जाणारी आगगाडी.

श्रावकाच्या बारा व्रतांतील दहावे व्रत देशावकाशिक. ठरावीक काळापुरती आपल्या वावराची व भोगोपभोगाची मर्यादा आखून घ्यायची आणि तिच्या आत राहायचे. हे व्रत मी अनेकदा घेतले आहे. परंतु चार बाजूंना घर, कपाटे आणि बँकेची खाती असताना मर्यादा बहुधा तोंडी राहते. येथे मात्र ती मातीवर आखलेली होती. दोन रात्रींसाठी जे गाडीतून आणले तेवढेच आपले, आणि तेही तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत गुंडाळून न्यायचे. गंमत अशी की काही कमी पडले नाही. खाखरे, ठेपले, मुगाची खिचडी, उकळून गार केलेले पाणी. मे महिन्यात तेथे सूर्यास्त आठच्या सुमारास होतो, त्यामुळे चोविहारासाठी घाई करावी लागली नाही. साडेसातला भांडी घासून झाली होती.

शेकोटीवरून मात्र थोडी चर्चा झाली. तंबूच्या मुक्कामाला शेकोटी हवीच, असा नातवाचा हट्ट. सौभाग्यवती म्हणाल्या, “अरे, अंधारात उजेडाकडे किती जीव धावून येतील. आणि त्या लाकडाच्या आत कोण बसले आहे हे कोणी पाहिले आहे?” चिरंजीव हसले आणि त्यांनी सांगितले की लाकडाच्या आत कोण बसले आहे याची चिंता तेथील वनखात्यालाही आहे. जळाऊ लाकडातून कीटक दूरवर प्रवास करतात आणि नव्या ठिकाणच्या झाडांना पोखरतात. म्हणून लाकूड जेथे जाळायचे तेथेच विकत घ्यावे, लांबून आणू नये, असे तेथे बजावले जाते. कारण वेगळे, पण सावधपणा तोच. आमचे लोखंडी कडे दोन्ही रात्री थंड राहिले. नातवाला विजेरीच्या उजेडात गोष्ट सांगून त्याची समजूत काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटी होती. त्या किनाऱ्यावर वसंतात व उन्हाळ्यात मोठ्या ओहोट्या सकाळच्या वेळी येतात. पाणी मागे हटले की खडकांच्या खळग्यांत लहान लहान डबकी उरतात आणि त्यांत एक पूर्ण वस्ती दिसू लागते. दगडाला चिकटलेले तारामासे, हात लावताच मिटणारी फुलासारखी समुद्रपुष्पे (ती वनस्पती नव्हेत, प्राणी आहेत), काटेरी गोळ्यांसारखे सी-अर्चिन, गोगलगायी, खेकडे. द्वीन्द्रिय, त्रीन्द्रिय, चतुरिन्द्रिय ही नावे पाठशाळेत मुलांकडून घोकून घेताना जे दाखवता येत नाही, ते येथे वीतभर पाण्यात समोर होते. जीव इतके दाट असतील तेथे पाय कोठे ठेवावा, हा प्रश्न ईर्यासमितीचे पुस्तक न उघडताही पडतो.

नातू नऊ वर्षांचा. त्याने एक सुंदर शंख उचलला आणि खिशात टाकला. जवळच एक वृद्ध बाई उभ्या होत्या. त्या तेथे स्वयंसेवक म्हणून येतात. त्यांनी रागावून नव्हे, तर आजीच्या आवाजात त्याला शंख तळहातावर ठेवून थोडे थांबायला सांगितले. अर्ध्या मिनिटात शंखातून इवले पाय बाहेर आले. आत खेकडा होता! हा खेकडा स्वतःचे कवच पुरते बनवत नाही. मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो आणि अंग वाढले की मोठा शंख शोधून तेथे जातो. नातवाने तो जेथून उचलला तेथेच परत ठेवला आणि मग दुसरा, पूर्ण रिकामा शंख उचलून मला विचारले, “आजोबा, हा तर रिकामा आहे. हा घेऊ?”

बाईंनी सांगितले की रिकामा शंख म्हणजे उद्याच्या खेकड्याचे घर. नातवाचा पुढचा प्रश्न माझ्याकडे आला. “पण याचा मालक कोण?”

सारे आयुष्य मालकी तपासण्यात गेलेल्या माणसाला हा प्रश्न सोपा वाटायला हवा होता. आपले तिसरे अणुव्रत अदत्तादानाचे: जे कोणी दिलेले नाही ते घेऊ नये. आपण त्याचा अर्थ चोरी न करणे इतकाच लावतो आणि निश्चिंत होतो. पण ज्याची मालकी सर्वांची, ते ‘देणार’ कोण? लाखो सहहिस्सेदारांपैकी एकाचीही संमती मजजवळ नाही. दस्ताच्या भाषेत सांगायचे तर जी वस्तू सर्वांची, ती कोणाही एकाला ‘दत्त’ होऊच शकत नाही. तेव्हा सामाईक वस्तू ही बेवारस नव्हे. तिला मालक कमी नाहीत, फार आहेत. मी नातवाला एवढेच म्हटले, “सगळ्यांचा आहे, म्हणून आपण एकट्याने न्यायचा नाही.” त्याला ते पटले. मला मात्र ते दिवसभर पुरले.

या किनाऱ्याचा इतिहासही याच अंगाने पाहण्यासारखा आहे. तेथे मूळ वस्ती चुमाश लोकांची. उद्यानाच्या जमिनीतून आजही नैसर्गिक डांबर पाझरते. वाहून आलेल्या लाकडाच्या फळ्या दोरीने शिवून, सांधे त्या डांबराने व झाडाच्या राळेने बुजवून हे लोक समुद्रात जाणाऱ्या नावा बनवत. त्यांच्या भाषेत त्या नावेला ‘तोमोल’ म्हणतात. ऑगस्ट १७६९ मध्ये स्पॅनिश सैनिक तेथून गेले, तेव्हा त्यांनी नाव बांधण्याचे हे काम पाहिले आणि त्या जागेला सुतारखाना म्हटले. स्पॅनिश भाषेत ‘ला कार्पिंटेरिया’. तेच नाव गावाला राहिले.

पुढे याच भागात समुद्राखालचे तेल काढू लागले. २८ जानेवारी १९६९ रोजी सांता बार्बाराच्या समुद्रातील एका तेलविहिरीतून गळती सुरू झाली. लक्षावधी गॅलन तेल पाण्यावर पसरले, किनारे काळे पडले आणि हजारो पक्षी मेले. त्या घटनेने लोक खडबडून जागे झाले. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी थेट मतदानाने किनाऱ्याच्या रक्षणाचा कायदा संमत केला, त्यातून किनारा आयोग स्थापन झाला, आणि १९७६ मध्ये विधिमंडळाने कायमचा कायदा केला. भरतीच्या सरासरी रेषेखालची जमीन तेथे जनतेसाठी विश्वस्त म्हणून राज्याकडे आहे. किनाऱ्यालगत कोट्यवधींचे बंगले आहेत, परंतु बंगल्यापुढची ओली वाळू बंगलेवाल्याची नाही. काहींनी वाटा अडवल्या. ती भांडणे न्यायालयात गेली. हा विचार अमेरिकेचा नवा शोध नव्हे. सहाव्या शतकातील रोमन कायद्यातही समुद्र व त्याचा किनारा सर्वांचा मानला आहे. आपल्याकडेही १९९१ पासून किनारी क्षेत्राच्या नियमनाची अधिसूचना आहे. कायदा आपल्याला नवा नाही. त्याखाली आपण स्वतःला धरतो का, एवढाच प्रश्न आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी कड्यावरून थोडे चालत गेलो. तेथे खाली वाळूवर सील माशांची विण्याची जागा आहे. आपण बोलीत ‘मासे’ म्हणतो, प्रत्यक्षात ते पिलांना दूध पाजणारे प्राणी आहेत. १ डिसेंबरपासून ३१ मेपर्यंत तो किनारा माणसांना बंद असतो, कारण माणूस जवळ गेला की आई बिचकते आणि पिलू मागे राहते. वर कड्यावर उभे राहून गावातले स्वयंसेवक पाहणाऱ्यांना हळू बोलायची विनंती करतात. जेथे जाण्याचा सर्वांना हक्क, तेथे सहा महिने कोणीच जात नाही. हक्क असून तो न वापरणे, याला आपल्याकडे त्याग म्हणतात.

निघायच्या दिवशी चिरंजीव व सूनबाईंनी तंबू काढल्यावर जमीन वाकून पाहिली. प्लास्टिकचा तुकडा, दोरीचा धागा, खाखऱ्याचा चुरा, सर्व वेचून पिशवीत भरले. दुपारी दुसरे कुटुंब येणार होते आणि आमच्या मुक्कामाची खूण त्यांना दिसू नये, एवढीच त्यांची इच्छा. मला आपल्या सहली व संघयात्रा आठवल्या. त्या सुटल्यानंतर मैदानात उरणाऱ्या पत्रावळी आणि पेले आठवले. जीवदयेसाठी पावती फाडणारे आपण, दुसऱ्या दिवशी गाय ते प्लास्टिक खाते तेव्हा तेथे नसतो.

येथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हा लेख इतरांना केलेला उपदेश ठरला असता. म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या गावी वडिलोपार्जित दुकानाची वाटणी होऊन बरीच वर्षे झाली. धाकट्या बंधूंचे दुकान व माझा भाड्याने दिलेला गाळा यांमध्ये साडेतीन फुटांचा बोळ आहे. वाटणीपत्रात मीच माझ्या हाताने लिहिले आहे: ‘उभयतांचे सामाईक वहिवाटीचा’. बंधूंनी तेथे पोती ठेवायला सुरुवात केली. मी तोंडाशी लोखंडी दार बसवून कुलूप लावले. त्यांनी मागच्या बाजूने वाट काढली. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. दर संवत्सरीला मोबाइलवर एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ चे तयार चित्र पाठवतो आणि क्षमापना झाली असे समजतो.

कार्पिंटेरियाच्या खडकावर नातवाला जे सांगितले ते या बोळालाही लागू होते, हे तेथे उभे असतानाच कळले होते. परदेशातून परतल्यावर गावी गेलो आणि लोहार बोलावून दार काढून घेतले. बंधू दुकानाच्या पायरीवरून पाहत होते. काही बोलले नाहीत. त्यांची पोती अद्याप तेथेच आहेत. ती त्यांची बाजू. माझी बाजू दाराची होती.

पर्युषण जवळ आले आहे. या वर्षी चित्र पाठवणार नाही. त्या बोळातून चालत त्यांच्या दुकानी जाईन आणि जे म्हणायचे ते हात जोडून म्हणेन. आपल्यापैकी ज्यांच्या घराजवळ, दुकानाजवळ असा एखादा सामाईक बोळ, जिना किंवा ओटा असेल, त्यांनीही संवत्सरीपूर्वी एकदा तेथे जाऊन पाहावे, आपली कोणती वस्तू तेथे पडून आहे.