पहिल्या उत्तराच्या पलीकडे

दसरा सरला की कृष्णा-वारणेच्या काठचे शिवार बदलू लागते. साखर कारखान्यांचे गळीत सुरू होते. बीड, धाराशिवकडून, तशाच आपल्या जत आणि माणसारख्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. उसाच्या फडालगत त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पुढचे पाच-सहा महिने हीच माणसे सातारा-सांगलीतील दवाखान्यांच्या बाकांवरही दिसतात. त्यांतील एखाद्या तिशीतल्या स्त्रीला पूर्वीच्या आजारांविषयी विचारले, तर ती अगदी सहज सांगून जाते, "पिशवी काढलीय." पिशवी म्हणजे गर्भपिशवी. दात काढल्याचे सांगावे तितक्या सहजपणे ती हे सांगते.

२०१९ साली या प्रश्नाची राज्यभर चर्चा झाली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ३.२ टक्के होते. आकड्यांनी प्रश्नाचे आकारमान दाखवले. परंतु शस्त्रक्रिया किती झाल्या हे आकडा सांगतो, त्या का झाल्या हे सांगणे त्याच्या आवाक्यात नसते. ते केवळ ती स्त्रीच सांगू शकते, आणि तेही नीट विचारले तर.

'पिशवी का काढली?' या प्रश्नाचे पहिले उत्तर ठरलेले असते, "त्रास होता म्हणून." जरा थांबले तर दुसरे येते, "अंगावरून पांढरं जात होतं. डॉक्टर म्हणाले, ठेवली तर कॅन्सर होईल." येथेही न थांबता, त्या दिवसांत घरात आणि फडात काय चालले होते हे कोणी शांतपणे ऐकून घेतले, तर तिसरे उत्तर हाती लागते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून हंगामापूर्वीच उचल घेतलेली असते, एका दिवसाचा खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात आडोसा नाही, धुण्यापुरते पाणी नाही. पाळीचे चार दिवस आणि वरचेवर होणारा जंतुसंसर्ग ही अशा वेळी केवळ शारीरिक तक्रार राहत नाही, ती उचलीच्या हिशेबात जाऊन बसते. पहिल्या उत्तरावर उपाय शोधणारा औषध देईल, दुसऱ्यावर शोधणारा डॉक्टरांची चौकशी करील. तिसरे उत्तर ऐकलेल्याला मात्र पाणी, स्वच्छतागृह, मजुरीचा करार आणि आरोग्यसेवा यांचा एकत्र विचार करावा लागेल.

प्रस्तुत लेखाचा विषय हा तिसऱ्या उत्तरापर्यंत पोहोचण्याच्या कौशल्याचा आहे. समाजकार्याचा विद्यार्थी, समुपदेशक, आशाताई, परिचारिका, गुणात्मक संशोधन करणारा अभ्यासक आणि माझ्यासारखा गल्लीतला डॉक्टर या सर्वांचे खरे हत्यार एकच असते, ते म्हणजे मुलाखत. आमच्या व्यवसायात तिला 'हिस्ट्री घेणे' म्हणतात. १९७५ साली इंग्लंडमध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० नव्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी ६६ जणांच्या बाबतीत पाठवणाऱ्या डॉक्टरांचे पत्र आणि रुग्णाची हकीकत एवढ्यावरून बांधलेले निदान शेवटपर्यंत टिकले. तपासण्यांची रेलचेल असलेल्या आजच्या काळातही हकीकतीचे मोल उणावलेले नाही, उणावला आहे तो ती ऐकण्याचा धीर.

या धीराचीही मोजदाद झाली आहे. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्ण संभाषणांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा रुग्णाचे बोलणे सरासरी १८ सेकंदांत तोडले जाते असे दिसले. 'बोलू दिले तर माणसे थांबणारच नाहीत,' ही त्यामागची भीती असते. २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये ३३५ रुग्णांना मध्ये न अडवता बोलू दिले गेले. त्यांचे बोलणे सरासरी ९२ सेकंदांत आपोआप संपले, आणि शंभरांपैकी ७८ जण दोन मिनिटांच्या आत थांबले. दोन मिनिटे न बोलता बसणे, ही या विद्येची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी एकांताची. आपल्याकडे दवाखान्यात कोणी एकटे येत नाही. सुनेबरोबर सासू असते, म्हाताऱ्याबरोबर मुलगा असतो, आणि प्रश्न सुनेला विचारला तरी उत्तर सासूबाई देतात. हे प्रेमापोटीही असेल, पण सासूसमोर दिलेले उत्तर सासूसाठी दिलेले असते. पाहणीसाठी घरोघर फिरणाऱ्यांचाही अनुभव निराळा नाही, अंगणात चारचौघींत विचारलेल्या प्रश्नाला चारचौघींना रुचेल असेच उत्तर येते. "तुम्ही जरा बाहेर बसा, तपासून झाले की बोलावतो," हे वाक्य कोणाचाही मान न दुखावता ही अडचण सोडवते.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठी भाषेत 'ना' हा एक छोटा सापळा आहे. "गोळ्या वेळेवर घेता ना?", "घरी सगळं ठीक आहे ना?" असे विचारले की समोरच्याला 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्याऐवजी "गेल्या आठवड्यात किती वेळा गोळी घ्यायची राहून गेली?" असे विचारले, तर गोळी राहून जाणे हा गुन्हा नव्हे हे त्या प्रश्नातूनच कळते आणि उत्तर खरे येते. 'का' या शब्दाचेही तसेच आहे. "इतके दिवस का आला नाहीत?" यात चौकशीपेक्षा झाडाझडती अधिक असते. "पहिल्यांदा दुखू लागलं तेव्हापासून आजपर्यंत काय काय झालं, ते क्रमाने सांगा," असे म्हटले की तेच कारण आरोपाशिवाय बाहेर येते.

आपले शब्द मागे ठेवून समोरच्याचे शब्द उचलावेत, हे ओघानेच आले. 'श्वेतप्रदर' हा शब्द पुस्तकात शोभतो. बाई 'अंगावरून जातं' म्हणत असेल, तर पुढचा प्रश्न त्याच शब्दांत यायला हवा. 'जीव घाबरा होतो', 'कसंतरीच होतं' हे शब्द मोघम वाटतात, परंतु "कसंतरी म्हणजे नेमकं कसं, जरा सांगता?" एवढे विचारल्यावर त्यातून कधी रक्तक्षय, कधी हृदयविकार, तर कधी वर्षानुवर्षांचे दुःख बाहेर पडते.

तारखांच्या बाबतीतही तेच. "कोणत्या साली?" या प्रश्नावर वृद्ध माणसे गोंधळतात. सातारकर आजोबांना "कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर?" असे विचारले, की ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट त्यांना लख्ख आठवते आणि तिच्या आधाराने पुढचे-मागचे सारे सुसंगत लागते. १९७२ चा दुष्काळ, २००५ आणि २०१९ चे सांगलीचे महापूर या आपल्या भागाच्या स्मरणातील खुणा आहेत.

आणि शेवटचा प्रश्न. "अजून काही आहे का?" असे विचारले, की बहुधा "नाही" म्हणून माणूस उठतो. २००७ साली अमेरिकेत हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २० कुटुंबवैद्यांच्या साहाय्याने नेमके हेच तपासले. इंग्रजीत या प्रश्नाचा केवळ एक शब्द बदलून तो होकाराकडे झुकवला, तेव्हा मनातच राहून जाणाऱ्या तक्रारींपैकी ७८ टक्के बोलून दाखवल्या गेल्या. मराठीत "आणखी काय सांगायचं आहे?" हा प्रश्न तेच काम करतो. दाराशी पोहोचलेला माणूस मागे वळून जे सांगतो, ते पुष्कळदा येण्याचे खरे कारण असते. ते दाराऐवजी खुर्चीतच सांगता यावे, याची सोय या प्रश्नात आहे.

समुपदेशनात आणखी एक पाऊल पुढे जावे लागते, कारण तेथे माणसाने काही बदलावे अशी अपेक्षा असते. आपल्या भागातील बायकांच्या मिश्रीचे उदाहरण घ्या. "मिश्री सोडा, कॅन्सर होतो," हे त्यांनी शंभरदा ऐकलेले असते. विल्यम मिलर यांनी १९८३ साली व्यसनमुक्तीसाठी मुलाखतीची एक निराळी रीत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह ती विकसित केली. तिचे सार असे, की बदलाची कारणे आपण सांगण्याऐवजी त्या माणसाच्या तोंडून येऊ द्यावीत. "मिश्रीने तुम्हाला बरं काय वाटतं?" असे आधी विचारावे. पोट साफ होते, कामाला हुरूप येतो, असे उत्तर येईल. ते मान्य करून मग विचारावे, "आणि तिचं काय आवडत नाही?" त्यानंतर जे उत्तर येते त्यात सोडण्याचे खरे बीज असते, मग ते नातवाने तोंड फिरवणे असो वा हिरडीची आग असो.

संशोधनासाठीची मुलाखत मात्र एका बाबतीत वेगळी. रुग्ण आपल्या गरजेसाठी बोलतो, तर संशोधकाला माणूस स्वतःजवळचे काही देत असतो. अशा दात्यांच्या शोधात आपल्या मुलखात फार पूर्वी लोक गेलेले आहेत. कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली, ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६९ साली प्रसिद्ध केली. धरणाची उंची आणि विजेची क्षमता सरकारी कागदांत होती. घर बुडालेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे त्याच्याकडे जाऊन विचारावेच लागते.

विचारणारा कोण, यावरही उत्तर ठरते. सांगलीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'संग्राम' या संस्थेने एचआयव्ही प्रतिबंधाचे काम देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये उभारले, तेव्हा वस्तीतल्याच स्त्रियांना त्या कामात पुढे केले. त्यातून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. वही-पेन घेऊन आलेल्या पाहुण्याला जे कधीच सांगितले गेले नसते, ते शेजारणीला सांगितले जाते. वस्तीतली नसलेली व्यक्ती शेजारीण होऊ शकत नाही, परंतु न्यायाधीशाची खुर्ची बाहेर ठेवून आत येणे तिला नक्कीच जमते.

"दहा-बारा माणसांशी बोलून काय कळणार?" असा आक्षेप नेहमी घेतला जातो. घाना आणि नायजेरियातील ६० मुलाखतींचा आढावा घेऊन २००६ साली गेस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की महत्त्वाचे बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच आलेले होते. एकसारख्या परिस्थितीतील माणसांना खोलवर विचारले, तर थोडक्यांतूनही पुष्कळ कळते. किती जणांना त्रास आहे, हे मात्र त्यातून ठरवू नये, त्यासाठी मोठी पाहणीच हवी.

वाचकहो, आपल्या दारी एखादा विद्यार्थी किंवा संस्थेचा प्रतिनिधी प्रश्नावली घेऊन आला, तर आपलेही काही हक्क आहेत. माहिती कशासाठी हवी, ती कोण वाचणार, नाव गुप्त राहील का, हे आधी विचारावे. नको त्या प्रश्नाला उत्तर नाकारता येते, मुलाखत मध्येच थांबवता येते आणि त्यामुळे कोणतीही सेवा बंद होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे याच संमतीवर उभी आहेत. मुलाखत घेणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. बोलता बोलता कोणी अतिरक्तस्रावाविषयी, मारहाणीविषयी किंवा जीव नकोसा झाल्याविषयी सांगितले, तर ते नुसते टिपून उठता येत नाही. जवळचा दवाखाना, पोलिसांची मदत किंवा टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक तेथल्या तेथे देणे, हे त्या दानाचे किमान ऋण आहे.

ही विद्या व्यावसायिकांपुरती नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण रोज विचारतो, "बरं आहे ना?" आणि तेही म्हणतात, "बरं आहे." या पंधरवड्यात एकदा दूरदर्शन संच बंद करून, जवळ बसून विचारा, "रात्री झोप लागेपर्यंत मनात काय काय येतं?" मग दोन मिनिटे काही बोलू नका. आणि ते थांबले, की हळूच म्हणा, "आणखी काय?"