दह्याची वाटी, बी-ट्वेल्व आणि आपली अहिंसा



मागच्या पंधरवड्यात आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक संदेश आला. तुमच्याकडेही आला असेल. शाकाहारी माणसाला बी-ट्वेल्वच्या गोळ्यांची गरज नाही, आपल्या आतड्यातले चांगले जंतू ते आपोआप तयार करतात, रोज वाटीभर दही खा, विज्ञानानेही आता हे मान्य केले आहे, असा त्याचा आशय. खाली कितीतरी जणींनी हात जोडले होते. मी जोडले नाहीत. का, ते सांगायला आज लिहिते आहे.

माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी वडूजला आली आहे. सातवा महिना आहे. तिच्या रक्तात बी-ट्वेल्व फार कमी निघालं. तिकडच्या डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं, "अंडी खायला लागा, त्याशिवाय हे भरून यायचं नाही." ती घाबरली. इकडे आली तर हा संदेश आणि सगळ्यांचा सल्ला, "गोळ्याबिळ्या कशाला, दही खा की." मला म्हणाली, "आई, मी धर्म सोडू की बाळाचं नुकसान करू?" पोरीवर हा प्रश्न यायलाच नको होता. अंडी सांगणारे डॉक्टर अपुरं बोलले आणि दही सांगणाऱ्या आपण चुकीचं बोललो.

मी स्वतः यातून गेले आहे. दोन वर्षं माझे तळपाय बधिर असायचे. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी कळायचं नाही. जीभ सोलल्यासारखी, जिन्यात धाप, डब्यात काय ठेवलं ते विसरायचं. घरात सगळे म्हणाले, वय झालं. मीही तेच म्हणाले. शेवटी कुणीतरी रक्त तपासायला लावलं. गोळ्या सुरू झाल्यावर जीभ आणि धाप लवकर बरी झाली, पण डाव्या पायाची बोटं अजून पूर्ण जागी नाहीत. मज्जातंतूंना उशीर सहन होत नाही. माझ्या दोन वर्षांच्या दही-ताकाने काही भरून निघालं नव्हतं.

आता त्या संदेशातलं खरं किती ते पाहू. बी-ट्वेल्व जंतूच तयार करतात, हे अगदी खरं. कोणतीही वनस्पती ते करत नाही, कोणताही प्राणीही करत नाही. आपल्या मोठ्या आतड्यातले काही जंतूही ते करतात. मग अडतं कुठे? बी-ट्वेल्व शरीरात शोषलं जातं ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, तेही जठरातून सुटणाऱ्या एका प्रथिनाचा हात धरून. मोठं आतडं त्याच्या पुढे आहे. म्हणजे माल तयार होतो तो उतरवून घेण्याचं ठिकाण मागे पडल्यावर, आणि मग तो बाहेरच जातो.

गाईचं तसं नाही. आपल्या खटाव-माणच्या माळावर चरणाऱ्या मेंढीचंही नाही. त्यांचं जंतूंनी भरलेलं मोठं पोट आधी येतं आणि आतडं नंतर. चाऱ्यातून थोडा कोबाल्ट मिळाला की त्यांच्या पोटातले जंतू बी-ट्वेल्व करतात, ते पुढे आतड्यात शोषलं जातं आणि थोडं दुधात उतरतं. म्हणून दुधात ते असतं. दही लागल्यामुळे ते वाढत नाही, विरजणातले काही जंतू तर स्वतःच थोडं खर्च करतात. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण २.२ मायक्रोग्रॅम, आणि पेलाभर दुधात त्याच्या निम्म्याहून कमी. आता खरं सांगा, तुमच्या घरात तुमच्या वाट्याला रोज किती दूध येतं? मुलांचं झालं, सासऱ्यांचं झालं, चहाचं झालं, मग आपल्याला तळाशी उरलेलं पातळ ताक.

हे मी मनाने सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सहकाऱ्यांसह पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. त्यातल्या ६७ टक्के पुरुषांत बी-ट्वेल्व कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात ८१ टक्क्यांत. ही घरात दूध आधी मिळणाऱ्या पुरुषांची गत. याच डॉक्टरांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ पासून चालवला आहे. ज्या आयांत बी-ट्वेल्व कमी आणि फॉलिक अ‍ॅसिड भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली.

फॉलिक अ‍ॅसिडची गोष्टही आपल्याच मुंबईतली. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका एका विशिष्ट पंडुरोगाने खंगत होत्या. विल्सबाईंनी त्यांना यीस्टचा अर्क दिला आणि त्या सुधारल्या. त्या अर्कातलं जे द्रव्य कामी आलं, तेच पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं. आज सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते. उत्तमच आहे. पण तिच्यात बी-ट्वेल्व नसतं, आणि नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं तेव्हा नसांचं नुकसान आत चालूच राहू शकतं. "मी गोळ्या घेतेच आहे," म्हणणाऱ्या लेकी-सुनांनी हे विचारून घ्यावं.

आतड्यातले जंतू निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. आपल्या भाकरीतला, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यावर ते जगतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं करतात. २०१२ साली पुण्याच्या संशोधकांनी एकत्र कुटुंबातल्या तीन पिढ्या तपासल्या, तर एकाच घरात राहूनही जंतूंचं प्रमाण वयाप्रमाणे बदललेलं दिसलं. हे सगळं वाचायला मला आवडतं. पण एका कामात हुशार असलेल्याला दुसरं काम येतंच, असं नाही.

आणि एक गोष्ट मला बोचते. महिन्यापूर्वी याच ग्रुपवर दुसरा संदेश होता की शिळ्या दह्यात असंख्य जीव असतात, म्हणून मर्यादेबाहेरचं दही अभक्ष्य, हे विज्ञानाने सिद्ध केले. आता म्हणे त्याच जीवांमुळे दही औषध, हेही विज्ञानाने सिद्ध केले. दोन्हींना त्याच जणींचे हात जोडलेले! आमच्या घरात दही आठ प्रहरांच्या आतलंच आणि द्विदल नाही. हे मी माझ्या व्रतासाठी पाळते, त्याला प्रयोगशाळेचा दाखला मला लागत नाही. विज्ञानाला आपल्या सोयीने साक्षीला बोलावलं तर एक दिवस ते आपल्याविरुद्धही साक्ष देईल. मग काय करणार?

आता खरा प्रश्न, जो मंडळात मला विचारला गेला. "अगं, पण ती गोळी तरी निर्दोष कुठे आहे? ती जंतूंपासूनच करतात ना?" हो, करतात. मोठ्या टाक्यांत विशिष्ट जंतू वाढवून त्यांच्यापासून बी-ट्वेल्व काढतात. त्यात मांस नाही, अंडं नाही, पण जीव आहेत आणि ते मरतात. हे मी लपवणार नाही.

पण आपल्याला लहानपणी पाठशाळेत काय शिकवलं? हिंसा चार प्रकारची, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची आणि बाकीची जमेल तितकी कमी करायची. चूल पेटवताना, पाणी तापवताना, शेत नांगरताना आपण निर्दोष असतो का? पोराला टायफॉइड झाला की आपण अँटिबायोटिक देतो, तेव्हा कुणी ग्रुपवर विचारत नाही. पेनिसिलिन बुरशीपासूनच येतं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती अशीच औषधं करायला. मुलाच्या तापाला चालतं आणि आईच्या बधिर पायांना चालत नाही, हा कोणता धर्म? त्यागी-व्रतींची गोष्ट वेगळी, त्यांचा मार्ग त्यांनी निवडलेला आहे. पोटातल्या बाळाने काहीच निवडलेलं नाही. आईच्या अंगात बी-ट्वेल्व नसेल तर ते तिच्या दुधातही कमी उतरतं, आणि अशी अंगावर पिणारी बाळं सुस्त होतात, शिकलेलं विसरतात, त्यांचे हातपाय थरथरतात. पंचेंद्रिय जीवाची ही हानी हिशेबात कुठे धरायची, ते मला कुणीतरी सांगा.

"आमच्या आजीला कुठे होत्या गोळ्या?" असंही म्हणतात. माझ्या आजीचे पाय शेवटची काही वर्षं बधिर होते. आम्ही त्याला वात म्हणत होतो. तपासलंच नाही, म्हणून कमी नव्हतं असं कसं म्हणता येईल?

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करा. एकदा रक्त तपासून घ्या. लेकीचं, सुनेचं तर दिवस राहण्याआधीच. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा रोजची आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर नक्कीच, कारण त्यांनी बी-ट्वेल्व कमी शोषलं जातं. मात्रा डॉक्टरांना विचारा, आणि ते अंडी सांगू लागले तर शांतपणे म्हणा, "आम्ही खात नाही, गोळी लिहून द्या." कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे हाडा-चामड्याचं असतं. म्हणून साधी गोळी मागा आणि तिच्यात काय आहे ते दुकानदाराला विचारा. आपली चौकसपणाची सवय इथे वापरायची.

माझी लेक गोळी घेते आहे. सकाळी देवदर्शन करून आली की आधी गोळी, मग दूध. दुधाचा पेला मात्र आता तिचा पहिला, घरातल्या सगळ्यांच्या आधी.

ग्रुपवर ज्यांनी हात जोडले होते त्यांना हे टोचलं असेल. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर उत्तम क्षमा. पण तो संदेश पुढे पाठवू नका.